सरकलेली लेन्स आणि तीन डॉक्टरांची तीन मतं

‘डॉक्टर, नमस्कार. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, वय ७४. २०१३ साली एका शिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून लेन्स बसवली. तेव्हापासून बिनचष्म्याचे गावभर फिरायचे, पोथी वाचायला तेवढा चष्मा. गेल्या महिन्यात सकाळी धार काढायला बसले आणि म्हणाले, म्हशीला दोन शेपट्या दिसतायत. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, डोळ्यात बांगडीच्या काचेसारखी कड हलतेय. तपासलं तर लेन्स पिशवीसकट खाली घसरलीय. एक डॉक्टर म्हणतात, आहे तीच लेन्स टाक्याने वर बांधू. दुसरे म्हणतात, ती काढून बुबुळाच्या मागे चिमट्याची लेन्स लावू. तिसरे पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे डॉक्टर, ते म्हणतात टाका नाही, गोंद नाही, नवी पद्धत करू. दीर म्हणतात शिबिरातल्या डॉक्टरवर केस ठोकू. आत्याबाई म्हणतात या वयात चिरफाड कशाला. त्यात पंचवीस दिवसांवर माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न. कोणती पद्धत सगळ्यात चांगली आणि कधी करायची, एवढं सांगा. केसपेपरचे फोटो जोडलेत.’

ताई,

म्हशीच्या दोन शेपट्यांचं वाचून मलाही हसू आलं, पण अण्णांनी लक्षण इतकं नेमकं सांगितलंय की माझ्या काही विद्यार्थ्यांना जमलं नसतं. लेन्स खाली घसरली की बाहुलीच्या खालच्या भागातून येणारा प्रकाश लेन्समधून जातो आणि वरचा प्रकाश लेन्सला शिवतच नाही. एकाच डोळ्यात दोन चित्रं. खात्री करायची तर त्यांचा डावा डोळा तळहाताने झाका. तरीही दोन दिसत असतील तर भानगड उजव्यातच. आणि ती बांगडीची कड म्हणजे लेन्सचीच कड.

आधी दिरांचं घेते, कारण घरात त्यावरूनच जास्त आवाज चढत असणार.

मोतीबिंदू काढताना आम्ही नैसर्गिक भिंगाच्या आतला गढूळ गर काढतो आणि त्याची पातळ पिशवी मागे ठेवतो. नवी लेन्स त्या पिशवीत बसते. ही पिशवी डोळ्याच्या आत मधोमध लटकलेली असते, चहूबाजूंनी शेकडो बारीक धाग्यांनी ताणून धरलेली. पाळण्याला चार दोऱ्या, इथे शेकडो, एवढाच फरक. हे धागे एकेक करत कमकुवत झाले की एक दिवस पाळणा कलंडतो, आत लेन्स जशीच्या तशी. तुमच्याकडे हेच झालंय. ‘पिशवीसकट’ हा शब्द तुम्ही पत्रात लिहिलात, तो फार कामाचा आहे.

धागे का कमजोर होतात? डोळ्याला मार लागणं, मोठा मायनस नंबर, पडद्याचं आधी झालेलं ऑपरेशन ही कारणं आहेत. पण अण्णांच्या केसपेपरवर डाव्या कोपऱ्यात घाईत लिहिलेली तीन अक्षरं दिसतायत: पीएक्सएफ. बाहुलीच्या कडेला आणि भिंगावर डोक्यातल्या कोंड्यासारखा राखाडी पापुद्रा जमतो, त्याचं हे नाव. फिनलंडच्या जॉन लिंडबर्ग यांनी १९१७ साली ते पहिल्यांदा नीट नोंदवलं. हा कोंडा नुसता बसून राहत नाही, धाग्यांना पोखरतो आणि डोळ्याचं प्रेशरही वाढवतो. अशा डोळ्यात उत्तम हाताने केलेलं ऑपरेशनसुद्धा सात-आठ वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, असं घसरू शकतं. पहिल्या ऑपरेशनमध्येच पिशवी फाटली असती तर लेन्स सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जागा सोडते, आणि सोडते ती पिशवीतून बाहेर येऊन. दहा-अकरा वर्षं नीट दिसलं आणि मग पिशवीसकट घसरली, यात त्या शिबिरातल्या डॉक्टरचा दोष मला दिसत नाही. दिरांना म्हणावं, वकिलाची फी डोळ्यासाठी ठेवा.

एक गंमत सांगते. भिंग सरकणं हा आज आजार आहे, पण एके काळी तोच उपचार होता. सुश्रुतसंहितेत लिंगनाशावर शलाकेचा प्रयोग सांगितलाय, जवाच्या टोकासारखी टोकदार शलाका. पुढे शतकानुशतकं गावोगावचे लोक सुईने मोतीबिंदू मागे ढकलून द्यायचे. समोरचा गढूळपणा दूर झाला की माणसाला बोटं दिसायची, दक्षिणा मिळायची, आणि डोळा बिघडेपर्यंत सुईवाला पुढच्या गावी. नैसर्गिक भिंगाचा गर आत सांडला तर डोळा खवळतो. अण्णांच्या डोळ्यात प्लॅस्टिकची लेन्स आहे, ती तशी निरुपद्रवी. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिली लेन्स बसवली ती याच भरवशावर. युद्धात विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेचे कण वैमानिकांच्या डोळ्यात जाऊनही डोळे शांत राहिलेले त्यांनी पाहिले होते. म्हणून अण्णांची घाई तासांची नाही, आठवड्यांची आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सगळ्यात चांगली पद्धत कोणती, याचं उत्तर मी टाळत नाहीये, ते नाहीच. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने २००३ साली सगळा अभ्यास तपासून हेच म्हटलं, आणि २०२० साली नव्या पद्धती धरून पुन्हा तपासलं तेव्हाही एकीलाही पहिला नंबर देता आला नाही. तुमच्या पहिल्या दोन डॉक्टरांचा वाद तर नॉर्वेतल्या ऑस्लोत, कुणाला कुठली पद्धत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, तपासला गेलाय. पिशवीसकट घसरलेल्या लेन्सचे १०४ रुग्ण, काहींची तीच लेन्स टाक्याने बांधली, काहींची काढून बुबुळामागे चिमट्याची बसवली. २०१७ साली निकाल आला, सहा महिन्यांनी दोन्हीकडची नजर साधारण सारखीच. तेव्हा तीन डॉक्टरांनी तीन मतं दिली म्हणून कुणी एक फसवतोय असं समजू नका. प्रत्येकाने आपल्या हाताला बसलेलं सांगितलंय. सुताराला विचारलं तर तो लाकडाचाच दरवाजा सांगणार.

तरी तिन्हींत नेमकं काय करतात ते समजून घ्या, म्हणजे प्रश्न विचारता येतील.

पहिली पद्धत, आहे तीच लेन्स बांधणं. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, काळ्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे, सुई आत नेतात, लेन्सच्या पायाला, म्हणजे तिला धरून ठेवणाऱ्या कडेच्या आकड्याला, दोऱ्याचा फास घालतात आणि बाहेर पांढऱ्या भागावर गाठ मारून ती आत दडवतात. दोन्ही बाजूंना असं केलं की लेन्स मधोमध येते. मोठी चीर लागत नाही, हा याचा मोठा फायदा. अडचण दोऱ्याची. पूर्वी दहा-शून्य नंबरचा प्रोलिन वापरायचे, केसाच्या निम्म्याहून बारीक. तो काही वर्षांनी झिजून तुटतो आणि लेन्स पुन्हा खाली येते. म्हणून आता बरेचजण जाड नऊ-शून्य किंवा गोअरटेक्सचा दोरा घेतात. गोअरटेक्स टिकतो, पण तो मुळात डोळ्यासाठी बनवलेला नाही. वय ७४ आहे, तेव्हा हा प्रश्न चाळिशीतल्या माणसाइतका टोचणारा नाही, पण दोरा कुठला वापरणार हे विचाराच.

दुसरी, चिमट्याची लेन्स. डॉक्टर तिला आयरिस क्लॉ म्हणतात. हॉलंडच्या यान वर्स्ट यांनी ती सत्तरच्या दशकात आणली, आपल्याकडे अमृतसरच्या डॉ. दलजीत सिंग यांनी रुळवली. लेन्सच्या दोन्ही टोकांना बारीक फट असते. बुबुळाची चिमूटभर घडी त्या फटीत अडकवायची, साडीचा पदर पिनेत धरावा तशी. पूर्वी ती बुबुळाच्या पुढे लावायचे, आता बहुतेक मागे लावतात, म्हणजे कॉर्नियापासून, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेपासून, लांब राहते. पटकन होते, स्वस्त पडते, आणि सराव झालेल्या हातात फार चांगली चालते. पण ही लेन्स घडी होणारी नसते, त्यामुळे साडेपाच-सहा मिलिमीटरची चीर आणि त्यावर टाके आले. टाक्यांच्या ओढीने तिरपा, म्हणजे सिलिंडरचा नंबर राहू शकतो. शिवाय बुबुळ धडधाकट हवं. पीएक्सएफमध्ये बुबुळ कधी कधी विरलेल्या धोतरासारखं झालेलं असतं, ते डॉक्टरांनी पाहिलंय का, विचारा.

तिसऱ्या पद्धतीआधी तिची मोठी बहीण सांगायला हवी. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ साली गोंदाने लेन्स चिकटवायला सुरुवात केली. पांढऱ्या भागावर समोरासमोर दोन छोटे पापुद्रे उचलायचे, लेन्सचे पाय त्याखालून बाहेर काढायचे, भिंतीतल्याच बोगद्यात सरकवायचे आणि फायब्रिन गोंदाने पापुद्रे मिटवायचे. भारतातली ही पद्धत मग जगभर गेली. पुढे जपानमध्ये योकोहामाच्या शिन यामाने यांना वाटलं, गोंद आणि पापुद्रेही नकोत. त्यांची पद्धत २०१७ साली छापून आली आणि आम्हा लोकांच्या परिषदांमध्ये पुढची दोन वर्षं दुसरं काही बोललंच जात नव्हतं.

ती मी जवळून पाहिलीय, ती अशी. इंजेक्शनच्या बारीक सुया, तीस गेजच्या, पातळ भिंतीच्या. एक सुई पांढऱ्या भागात तिरपी घालून आत बाहुलीच्या मागे आणतात. तीन तुकड्यांची लेन्स, म्हणजे मधलं भिंग आणि दोन वेगळे पाय, आधीच आत सोडलेली असते, तिचा दोऱ्यासारखा पाय चिमट्याने धरून सुईच्या पोकळीत ओवतात. म्हणजे सुईत दोरा ओवायचा, पण सुई डोळ्याच्या आत, दोरा डोळ्याच्या आत, आणि बघायचं सूक्ष्मदर्शकातून. समोरच्या बाजूने दुसरी सुई, दुसरा पाय. मग दोन्ही सुया एकदम बाहेर ओढायच्या, पाय बाहेर येतात. आता त्या पायाच्या टोकाजवळ तापलेली कॉटरी, म्हणजे डाग द्यायचं बारीक हत्यार, नेली की टोक वितळून इवलीशी गोळी होते. नायलॉनच्या दाव्याचं टोक उसवू नये म्हणून अण्णा काडी लावून गोळी करतात ना, तेच. ती गोळी पांढऱ्या भागाच्या आत किंचित दाबली की पाय मागे सरकत नाही. टाका नाही, गोंद नाही.

सोपं वाटतं. पण सुईचा कोन एका बाजूला जरा चुकला तर लेन्स तिरकी बसते. गोळी नीट दडली नाही तर वरच्या पातळ आवरणातून डोकावते, टोचते, आणि तिथून जंतू आत जाऊ शकतात. प्रत्येक लेन्सचा पाय ही ओढाताण सोसत नाही, काहींचे मोडतात. आणि एका अखंड मऊ तुकड्याची जी लेन्स हल्ली घडी करून सर्रास बसवतात, ती तर या कामाला चालतच नाही.

म्हणूनच ताई, आज घरी गेल्यावर पहिलं काम: २०१३ चं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर लेन्सचं स्टिकर असतं, कंपनी, मॉडेल, नंबर. बहुधा रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत किंवा देवघराच्या खणात सापडेल. आतली लेन्स कुठल्या बनावटीची आहे यावरच ठरतं की ती बांधता येईल की काढावी लागेल, आणि काढायची तर केवढी चीर. शिबिरातली लेन्स बहुधा कडक, घडी न होणारी असणार. ती आधीच डोळ्यात आहे आणि काढायला सहा मिलिमीटरची चीर लागणारच असेल, तर त्याच चिरेतून चिमट्याची घालण्यात काय बिघडलं, असं दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं असू शकतं. आणि कडक लेन्स असेल तर ती काढायचीच कशाला, बांधूया, असं पहिल्यांचं. दोन्ही बोलणी रास्त आहेत.

दुसरं काम: अण्णांना आडवं झोपवून कुणी तपासलंय का? बसल्यावर लेन्स खाली लोंबते, उताणं झोपल्यावर कधी कधी मागे पडद्याच्या दिशेने कलते. ऑपरेशन तर झोपवूनच करायचं असतं. झोपल्यावरही लेन्स बाहुलीमागे दिसत असेल तर पुढून काम भागू शकतं. मागे जात असेल तर पडद्याचा सर्जन टेबलाशी हवाच. तो आधी डोळ्यातली जेली काढतो, मग लेन्स वर आणतो. जेली न काढता लेन्स ओढली तर जेलीबरोबर पडदाही ओढला जाऊन फाटतो. हे मी भीती घालायला नाही सांगत, पण ‘आपण पुढूनच खेचून काढू’ असं कुणी सहज म्हणालं तर तिथून उठा.

पुढच्या कप्प्यात, बुबुळाच्या समोर बसणाऱ्या लेन्सबद्दल तुमच्या तिघांपैकी कुणी बोललं नाही, बरं झालं. नव्या बनावटीच्या त्या लेन्स वाईट नाहीत, पण माझ्या मनात एक सल आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका भाजी विकणाऱ्या बाईंच्या डोळ्यात पिशवी फाटली तेव्हा मी पुढच्या कप्प्यात लेन्स घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तराजूचा काटा वाचून दाखवला, मी खूश. सहा वर्षांनी परत आल्या तेव्हा कॉर्निया दुधी काचेसारखा झाला होता. त्यांच्या कॉर्नियाच्या पेशी मी आधी मोजल्याच नव्हत्या. तेव्हा ते यंत्र आमच्याकडे नव्हतं, पण शहरात होतं, आणि मी पाठवलं नाही. अण्णांच्या पेशी मोजून घ्या. ‘स्पेक्युलर’ म्हणतात त्या तपासणीला, पाच मिनिटांचं काम आहे.

डॉक्टर निवडताना पद्धतीचं नाव बाजूला ठेवा आणि सरळ विचारा: ‘ही पद्धत तुम्ही वर्षाला किती वेळा करता? मध्येच बेत बदलावा लागला तर दुसरी कुठली तयारी आहे? पडद्याचे डॉक्टर तिथेच असतील का?’ या प्रश्नांनी चिडणारा सर्जन मला नको असता. मला स्वतःला विचाराल तर कोंडा असलेला डोळा, पिशवीसकट घसरलेली लेन्स, वय ७४ आणि कडक लेन्स हे सगळं खरं निघालं, तर मी आधी बांधण्याचा विचार करेन, नाही जमलं तर चिमट्याची. यामाने पद्धत मला आवडते, पण अण्णांसाठी ती हट्टाने मागण्यासारखं काही नाही. मात्र तिसरे डॉक्टर ती दर आठवड्याला करत असतील आणि बाकीचे दोघं आपापली पद्धत वर्षातून दोनदा, तर माझं मत उलटं होईल.

ऑपरेशननंतर लगेच लख्ख दिसेल असं अण्णांना सांगू नका. पहिल्या मोतीबिंदूच्या वेळेसारखं हे नाही. ड्रॉप्स दीड-दोन महिने, चष्मा बहुधा लागेलच, आणि काही आठवड्यांनी पडद्याच्या मध्यभागी सूज येऊन नजर पुन्हा अंधूक होऊ शकते. ती औषधाने बहुतेक वेळा ओसरते. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये कळते. प्रेशर तर नेमाने पाहावंच लागेल, कोंडा आहे म्हणजे काचबिंदूची टांगती तलवार आहे. डाव्या डोळ्याचंही तेच. तिथला मोतीबिंदू अजून काढला नसेल तर ऑपरेशनआधी सर्जनला पीएक्सएफ आहे हे तोंडाने सांगा, कागदावर आहे म्हणून गप्प राहू नका. तिथे पिशवीला आतून आधार देणारी रिंग घालून ठेवता येते.

आत्याबाईंचंही ऐकून घेते. काही न करणं हा पर्याय खरोखर असतो. लेन्स पूर्ण मागे पडून शांत बसली तर काही माणसं पूर्वीच्या आजोबांसारखा सोड्याच्या बाटलीच्या बुडाचा चष्मा लावून वर्षानुवर्षं राहतात. पण दुसऱ्या डोळ्याने नीट दिसत असताना एकाच डोळ्याला तसली जाड काच लावली की त्या डोळ्यातलं चित्र पाव हिश्श्याने मोठं दिसतं, आणि दोन्ही चित्रं जुळत नाहीत. म्हशीला पुन्हा दोन शेपट्या. शिवाय अण्णांची लेन्स अजून अर्धी लटकतेय, हलतेय, बुबुळाला घासतेय. तिला अशीच राहू देणं हे मला पटत नाही.

राहता राहिलं लग्न. या आठवड्यात प्रेशर आणि पडदा तपासून घ्या. दोन्ही ठीक असतील तर अण्णांनी लग्न बघावं आणि त्यानंतरच्या आठवड्यात ऑपरेशन. लग्नाच्या तोंडावर करू नका. ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यावर अक्षता, होमाचा धूर आणि ‘अण्णा, जरा वाका’ म्हणत पाया पडणारी पन्नास माणसं, हे मला बघवणार नाही. थांबण्यात एक जोखीम आहे ती कबूल करते: लेन्स या दिवसांत आणखी खाली गेली तर ऑपरेशन थोडं मोठं होईल. ही जोखीम डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि डोळा अचानक लाल होऊन दुखला, डोकं धरून उलटी आली, प्रकाशाचे चमकारे दिसले, काळे ठिपके भसकन वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर मांडव सोडून त्याच दिवशी दवाखाना. लेन्स बुबुळाच्या पुढे आली तर प्रेशर काही तासांत चढतं.

खर्चाचं तुम्ही संकोचाने लिहिलं नाहीत, पण केसपेपरमागे पेन्सिलीने केलेली बेरीज फोटोत आलीय. योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मोठ्या धर्मादाय नेत्ररुग्णालयांत चिमट्याची लेन्स खूप कमी पैशात होते, आणि तिथले हात रोजच्या सरावातले असतात. रक्त पातळ करायची गोळी अण्णा घेत असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

कार्ड सापडलं की स्टिकरचा फोटो पाठवा. आणि तोवर अण्णांच्या हातात स्कूटरची किल्ली देऊ नका, धार काढू दे खुशाल.